रोज्यात दातांची राखण

पहाटे सहेरी आटोपली की मगरिबच्या अजानपर्यंत रोजेदाराच्या घशाखाली पाण्याचा थेंबही जात नाही. तोंड कोरडे पडते, लाळ कमी सुटते. ही लाळच दातांची राखण करते. ती अन्नकण धुऊन नेते आणि आम्ल सौम्य करते. ती कमी झाली की दातांना चिकटलेल्या साखरेवर ‘स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स’सारखे जंतू पोसतात, आम्ल बनवतात आणि दाताचे कवच झिजू लागते.

पण तोंडातले सगळेच जंतू वैरी नसतात. माणसाच्या तोंडात ७०० च्या आसपास जातींचे जंतू आढळले आहेत आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी आहेत. काही तर उपकारक. असे जंतू आरोग्यासाठी मुद्दाम घेतले की त्यांना ‘प्रोबायोटिक’ म्हणतात. ते जागा अडवतात, अन्नात वाटेकरी होतात आणि काही जण अपायकारक जंतूंना रोखणारी द्रव्येही सोडतात. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील जॉन टॅग यांनी निरोगी तोंडातल्या ‘स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस’चा दीर्घकाळ अभ्यास केला. त्याचे ‘के-१२’ आणि ‘एम-१८’ हे वाण आज चघळायच्या गोळ्यांतून मिळतात. हिरड्यांच्या सुजेवर ‘लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी’चा काही चाचण्यांत उपयोग दिसला, तोही दातांच्या सफाईच्या जोडीने.

इथेच मेख आहे. हे पाहुणे जंतू तोंडात सहसा कायमचे वस्ती करत नाहीत. गोळी थांबली की त्यांचा प्रभाव ओसरतो. पडलेली कीड त्यांनी भरून निघत नाही. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत.

मग घरातले दही? त्यातले जंतू या गोळ्यांतले नव्हेत. तरी सहेरीला बिनसाखरेचे दही चांगलेच, कारण त्यात कॅल्शियम आहे आणि वरून घातलेली साखर नाही. गोड लस्सीचे मात्र तसे नाही. इफ्तारला खजुरानंतर पाण्याने चूळ भरावी. सरबत एकदाच प्यावे. तरावीहनंतर रात्रभर घोट घोट घेतले तर दातांना उसंत मिळत नाही. सहेरीनंतर ब्रश किंवा मिसवाक चुकवू नये. पीलूच्या झाडाची ही काडी नीट वापरली तर दातांवरचा थर निघतो.

निर्जळी एकादशी करणाऱ्या शेजाऱ्यालाही हाच हिशेब लागू आहे. हिरड्यांतून रक्त येत असेल, तर ईदची वाट न पाहता दंतवैद्य गाठावा.