पडद्यावरचा आकडा म्हणजे पगार नव्हे!

मोबाईलवरच्या कॅसिनोत पैसे भरणे क्षणाचे काम. खरी गोम काढताना कळते. समजा, १,००० रुपयांच्या बोनसवर तीसपट खेळण्याची अट आहे. म्हणजे ३०,००० रुपयांचे डाव लावल्याखेरीज पैसे सुटत नाहीत. गणित चालवणाऱ्याच्याच बाजूचे; तोवर घामाची कमाई संपते. काही ठग तर जिंकलेली रक्कम दाखवून ‘आधी कर भरा’ म्हणतात. २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तरीही घरातले कुणी फसले, तर आम्ही एवढेच सांगू : आणखी एक रुपयाही भरू नका. पोराला घालूनपाडून बोलू नका. त्याला शेजारी बसवा आणि १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवा.