जुळलेली रेषा आणि अबोल आकडे

पदार्थविज्ञानाच्या एका विद्यार्थिनीने या पुरवणीकडे पाठविलेल्या पत्रात विचारले आहे की, प्रयोगाच्या एकाच आकडेवारीवर तिने व तिच्या मैत्रिणीने संगणकाकरवी एकच सूत्र बसविले असता वक्ररेषा दोघींच्याही आलेखावर सारख्याच देखणेपणाने बिंदूंमधून गेली, परंतु सूत्रातील स्थिरांकांच्या किमती मात्र निरनिराळ्या आल्या. तेव्हा खरे कोणाचे मानावयाचे? प्रश्न मार्मिक आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही; कारण औरंगाबाद लेण्यांच्या डोंगराजवळच वसलेल्या आपल्या विद्यापीठात, त्याचे नाव नुसते मराठवाडा विद्यापीठ होते तेव्हापासून, प्रा. एस. सी. मेहरोत्रा आणि कुंभारखाने, पुराणिक आदी त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रवपदार्थांवर जे संशोधन केले, त्यात नेमका हाच पेच पदोपदी उभा राहत असे.

प्रयोगाची तजवीज मोठी चतुर आहे. अत्यंत झपाट्याने चढणारा विद्युत्‌दाबाचा स्पंद केबलमधून पाठवावयाचा, टोकाशी ठेवलेल्या द्रवावरून तो कसा परावर्तित होतो ते ऑसिलोस्कोपवर टिपून घ्यावयाचे, द्रव नसतानाच्या परावर्तनाशी त्याची रुजवात घालावयाची, आणि मग फूरिएच्या गणिताने त्या क्षणभराच्या नोंदीतून सुमारे १० मेगाहर्ट्‌झपासून १० गिगाहर्ट्‌झपर्यंतच्या सर्व कंप्रतांना त्या द्रवाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक काढावयाचा. एकेका कंप्रतेची वेगळी मोजणी करण्याची दगदगच उरत नाही! या मार्गाने याच चमूने टर्शरी ब्युटिल अल्कोहोल आणि पाणी यांच्या मिश्रणांवर केलेले काम १९९१ साली इंग्लंडच्या ‘फॅरडे ट्रॅन्झॅक्शन्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

परंतु मिळालेली बिंदूंची रांग म्हणजे ज्ञान नव्हे. तिच्यातून रेणूंची हकीकत वदवून घ्यावी लागते. विद्युत्क्षेत्राची दिशा बदलली की रेणूंना वळून बसण्यास जो अवधी लागतो, तो पाण्याच्या बाबतीत सुमारे ८ पिकोसेकंद आणि इथिल अल्कोहोलच्या बाबतीत त्याच्या जवळजवळ वीसपट असतो. असा एकच अवधी मानून डिबाय यांनी साधे सूत्र दिले. ते सर्वत्र लागू पडेना, म्हणून १९४१ मध्ये कोल बंधूंनी त्यात अल्फा हा घातांक घातला, पुढे डेव्हिडसन व कोल यांनी बीटा आणला, आणि १९६७ च्या सुमारास हॅव्हरिलिएक व नेगामी यांनी दोन्ही एकत्र नांदविले. आता सूत्रात पाच स्थिरांक झाले. पैकी अवधीचा अर्थ कोणालाही समजतो. अल्फा-बीटांचा अर्थ विचारला असता मात्र भलेभले प्राध्यापक घसा खाकरतात, हेही येथे नमूद करून ठेवावयास हरकत नाही.

सरळ रेषा बसवावयाची असती तर लघुतम वर्गांची पद्धत एका फटक्यात उत्तर देती. अरेषीय सूत्राला ती सोय नाही. तेथे काही आरंभीच्या किमती अंदाजाने धरून, चुकांच्या वर्गांची बेरीज कमी कमी करीत उतरावे लागते, आणि तो उतार दाट धुक्यात कन्नडचा घाट पायी उतरण्यासारखा असतो: पायाखालची जमीन जिकडे कलली असेल तिकडे पाऊल टाकावयाचे, पुढचे काही दिसत नाही. फार सावधपणे चालाल तर रात्र होईल आणि लांब उडी घ्याल तर दरीत जाल. या दोहोंचा सुवर्णमध्य साधणारी युक्ती, म्हणजे उडी फसली की पाऊल आखडते घ्यावयाचे आणि साधली की पुन्हा लांबवावयाचे, ही केनेथ लेव्हेनबर्ग या अमेरिकी लष्कराच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या गृहस्थाने १९४४ साली प्रसिद्ध केली. तिची कोणी फारशी दखल घेतली नाही. १९६३ साली ड्यूपाँ कंपनीतील डोनाल्ड मार्क्वार्ट यांना ती स्वतंत्रपणे सुचली, तोवर संगणक आले होते, आणि पुष्कळांच्या तोंडी पद्धतीला मार्क्वार्ट यांचेच नाव बसले. आज दोघांचे जोडनाव रूढ आहे, तरी पहिल्या मानकऱ्याविषयी बटण दाबणाऱ्या शंभरांतील एकासही काही ठाऊक नसेल.

आता मैत्रिणींचे कोडे. घाटाच्या तळाशी जर लांबच लांब, सपाट खोरे असेल, तर दोन वाटसरू कोसभर अंतरावर थांबूनही दोघे तळालाच पोहोचलेले असतात. पाण्याचा प्रतिसाद ज्या कंप्रतेला ऐन भरात येतो ती सुमारे १९ गिगाहर्ट्‌झ. आणि येथील मोजणी १० वरच थांबते. तेव्हा अतिउच्च कंप्रतेचा जो स्थिरांक सूत्रात आहे त्याविषयी ही आकडेवारी मौन धारण करते. त्याची किंमत थोडी हलविली तरी बाकीचे स्थिरांक त्याची भरपाई करून टाकतात. विद्यापीठातील या संशोधकांनी आपल्या निबंधांत तो स्थिरांक पुष्कळदा निश्चित धरला, आणि आमच्या कंप्रतांच्या पट्ट्यात निष्कर्ष त्याच्यावर फारसे अवलंबून नाहीत, असे स्पष्ट लिहिले. सहा दशांश स्थळांपर्यंत उत्तर छापणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा मला हे एक वाक्य अधिक शास्त्रीय वाटते. पत्रलेखिकेने आरंभीच्या किमती मुद्दाम दूरदूरच्या घेऊन पाहावे; जो स्थिरांक दर वेळी त्याच जागी परत येतो तो प्रयोगाने दिला, जो भटकतो तो दिला नाही. अल्फा शून्य धरूनही उरलेल्या फरकात काही वाढ होत नसेल, तर अल्फाला खुशाल निरोप द्यावा.

या बाबतीतील सर्वांत नामांकित उदाहरण मुंबईचेच आहे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात प्लेगने तेथे दर आठवड्यास जे मृत्यू झाले, त्यांवर कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली एक घंटाकृती वक्र बसविला. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. कर्मॅक तीनच वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावून बसलेले, म्हणजे तो सुरेख आलेख त्यांना स्वतःला पाहतासुद्धा आला नाही. वक्रात स्थिरांक तीन. त्यामागच्या सिद्धांतात मात्र लागण होऊ शकणाऱ्यांची संख्या, आरंभीचे रोगी, लागणीचा वेग, रोगी साथीतून बाहेर पडण्याचा वेग अशा राशी त्याहून अधिक, तेव्हा तिनांवरून त्या वेगवेगळ्या उलगडणे अशक्य. शिवाय त्या काळी मुंबईत प्लेग वर्षानुवर्षे त्याच ऋतूत चढे आणि उन्हाळ्याअखेर ओसरे. अशा ओसरण्याला लागण होण्याजोगे जीव संपले हे कारण द्यावयाचे की ऋतुमान, हे एका वर्षाच्या वक्रावरून ठरत नाही. निकोला बाकेर यांनी २०१२ साली हाच आक्षेप सविस्तर गणिताने मांडला. आणि गंमत अशी की मूळ लेखकांनी स्वतःच, माणसातील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब मानणे यासारखी आपली गृहीतके एकेक करून सांगितली होती, ती काटेकोरपणे खरी नाहीत आणि म्हणून समीकरण अगदी ढोबळच समजावे, असेही बजावले होते. पाठ्यपुस्तकांनी आलेख उचलला आणि तो परिच्छेद तेवढा गाळला.