चालत्या नौकेची दुरुस्ती

एस.टी. घाटात बंद पडली की चालक ती कडेला घेतो, चाकाखाली दगड लावतो आणि मग इंजिन उघडतो. समुद्रात कडेला घेण्याची सोय नाही आणि लावायला दगडही नाही. नौकेच्या दुरुस्तीतला बहुतेक अवघडपणा एवढ्यातच आहे. इंजिन बंद पडले म्हणून नौका थांबत नाही. वारा आणि प्रवाह नेतील तिकडे ती जाऊ लागते.

माझे वडील मासेमारी नौकेवर तांडेल आहेत. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. त्यामुळे 'सुट्टीत काय केलेस?' या मित्रांच्या साध्या प्रश्नाला मला नेहमीच लांबलचक उत्तर द्यावे लागते. या वेळी ते लिहूनच काढतो.

पावसाळा सरल्यावर कोकण किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो. म्हणजे इंजिन पहाटे बंद पडले तर नौका खोल पाण्याकडे जाईल आणि दुपारी पडले तर खडकांकडे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दाभोळहून देवगडकडे जाताना जयगडच्या पुढे आमचे इंजिन गचके देऊन बंद पडले, ते नेमके दुपारी तीनच्या सुमारास. वडिलांनी इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. "आधी नांगर," एवढेच म्हणाले.

नांगर टाकणे म्हणजे लोखंड पाण्यात सोडणे नव्हे. पाणी जितके खोल असेल त्याच्या चार-पाचपट दोर सोडावा लागतो. दोर आखूड असेल तर ओढ वरच्या दिशेने बसते आणि नांगर तळातून सुटतो. लांब असेल तर ओढ आडवी बसते आणि तो रुततो. रुतला की नाही हे पाहण्याचे काम माझ्याकडे होते. किनाऱ्यावरचा एक माड आणि त्याच्यामागचे टेकडीवरचे घर एका रेषेत धरायचे. रेष मोडली तर नौका सरकते आहे. अर्धा तास मी तो माड पाहत होतो. इतक्या एकाग्रतेने मी अर्थशास्त्राचे पुस्तकही पाहिलेले नाही!

बिघाड पंख्यात होता. कोणाच्या तरी टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा पंख्याच्या दांड्याभोवती गुंडाळला गेला होता. यासाठी माणसाला पाण्यात उतरावे लागते. त्याआधी बॅटरीची तार काढतात आणि एक खलाशी इंजिनापाशी बसवतात. तो काहीच करत नाही; दुसऱ्या कोणी इंजिन चालू करू नये, एवढ्यासाठीच तो तिथे असतो. नायलॉन घर्षणाने वितळून दांड्यावर दगडासारखे घट्ट बसते, तिथे सुरी चालत नाही. दोघा खलाशांनी आळीपाळीने बुड्या मारून हॅकसॉच्या पात्याने ते कापले. नांगर धरला नसता तर आम्ही १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक फिरवला असता किंवा वायरलेसच्या सोळा नंबरच्या चॅनेलवर हाक दिली असती.

फळीची फट उघडली तर मात्र वेगळी युक्ती आहे. आतून बोळा दाबला तर पाणी तो आत ढकलते. बाहेरून नौकेखालून जाड कापड ओढून घेतले तर तेच पाणी ते कापड फटीवर दाबून धरते. डिझेलच्या नळीत हवा शिरणे, पट्टा तुटणे ही किरकोळ दुखणी. सुटे भाग आणि पाने जवळ असले की भागते.

आमचे इंजिन पुन्हा सुरू झाले. पण दांडा जिथून नौकेबाहेर जातो तिथून पाणी येऊ लागले. तिथे भोवती ग्रीस लावलेली सुती दोरी ठासलेली असते. एरवी तिथून थेंब थेंब पाणी पडणे चांगलेच, त्याने दांडा गार राहतो. आता धार लागली होती. नट फार आवळला तर दोरी जळते, सैल ठेवला तर तळात पाणी साचते. "उपसत उपसत देवगड गाठू," असे दोघे खलाशी म्हणाले. त्यांचेही बरोबर होते. खर्च वजा जाता उरेल त्याचे वाटे पडतात. फेरी फुकट गेली तर वाटा नाही. माझे परीक्षेचे शुल्कही त्याच फेरीतून यायचे होते. वडील म्हणाले, "रात्री पंप बंद पडला तर?" आणि सुकाणू जयगडच्या खाडीकडे वळवले. नौदलाची 'तारिणी' पृथ्वीप्रदक्षिणेवर असताना तिच्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा एप्रिल २०१८ मध्ये तिलाही मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात जावे लागले होते.

खाडीत गोदी नसली तरी भरती-ओहोटी असते. भरतीला नौका वाळूवर घ्यायची, दोन्ही बाजूंना टेकू द्यायचे. ओहोटीला ती कोरडी पडते. वेळ काढण्याचा जुना हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट. द्वादशीला बारा गुणिले पाऊण म्हणजे नऊ वाजता पूर्ण भरती, सव्वातीनच्या सुमारास पूर्ण ओहोटी आणि रात्री साडेनवाच्या आत पुन्हा पाणी. आम्ही द्वादशीच्याच सकाळी नौका चढवली. पौर्णिमा जवळ आल्यामुळे भरती रोज वाढत होती. हेच उधाण उतरू लागल्यावर, वद्य तृतीयेला चढवली असती, तर पुढची प्रत्येक भरती आधीपेक्षा कमी आणि नौका पुढच्या उधाणापर्यंत वाळूतच!

दुपारभर मेस्त्री आणि वडील दांड्यापाशी आडवे पडून होते. सुती दोरीच्या कड्या कापून एकामागे एक बसवायच्या. प्रत्येक कडीचा जोड मागच्या जोडासमोर येऊ द्यायचा नाही, नाहीतर पाण्याला सरळ वाट मिळते. रात्री नौका तरंगली. वडिलांनी इंजिन चालू करून टॉर्चच्या उजेडात थेंब मोजले आणि नट थोडासा सैल केला.

तोवर बर्फ निम्म्याहून अधिक वितळला होता. पहाटे मतलई सुटताच आम्ही दाभोळला परतलो. त्या फेरीचा वाटा कोणालाच मिळाला नाही. माझे शुल्क पुढच्या महिन्यात, विलंब आकारासह, भरले गेले.