स्लालम कोर्ससाठी पहिली स्की

वॉटर स्कीइंगचा स्लालम कोर्स २५९ मीटर लांब असतो. बोट सरळ मधून जाते आणि स्कीअर एकाच स्कीवर, मध्यरेषेपासून ११.५ मीटरवरच्या सहा बोयांना आलटून पालटून बाहेरून वळसा घालतो. स्पर्धेत बोटीचा कमाल वेग पुरुषांसाठी ताशी ५८, तर महिलांसाठी ५५ किलोमीटर असतो. नवशिका याहून बराच हळू सुरुवात करतो, आणि स्कीची निवड त्याच वेगावर ठरायला हवी.

वेग कमी असला की पाणी स्कीला कमी उचलून धरते. वळताना स्की खोल रुतते, दोर सैल पडतो आणि पुढच्याच क्षणी हाताला जोराचा हिसका बसतो. बहुतेकजण पडतात ते इथेच. म्हणून सुरुवातीला थोडी रुंद आणि वजनाच्या मानाने जराशी लांब स्की बरी. मोठ्यांच्या स्की साधारण ६५ ते ६९ इंचांच्या असतात. वजन जास्त किंवा वेग कमी, तर लांबी जास्त.

तळाचा बाकही पाहावा. कमी बाकाची स्की वेगाने निघते, जास्त बाकाची चटकन वळते पण वेग खाते. नवशिक्याला मधला बाक मानवतो. अव्वल स्पर्धकांची ताठ कार्बन स्की मोहात पाडते खरी, पण ती चूक पोटात घालत नाही.

बूट मात्र घट्टच हवा. आत टाच उचलली गेली तर स्की काठावर नीट झुकत नाही. मागची फिन कंपनीने दिलेल्या मापावरच ठेवावी, वळणे स्थिर होईपर्यंत तिला हात लावू नये.