प्रयोगशाळेतील जैविक जोखीम: अंदाज आणि नियंत्रण

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल या गावी प्लेगची लस टोचण्याचे काम चालू होते. त्या दिवशी पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस देण्यात आली. त्यांपैकी ५३-एन क्रमांकाच्या एका बाटलीतून ज्या १९ जणांना लस मिळाली, ते सगळे पुढे धनुर्वाताने दगावले. बाकीच्या चार बाटल्यांमधून लस घेतलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

लस मुंबईत, परळच्या प्लेग प्रयोगशाळेत तयार झाली होती. प्रयोगशाळेचे प्रमुख होते वाल्देमार हाफकिन. याच हाफकिननी १८९४ मध्ये कलकत्त्याच्या वस्त्यांमधून पटकीची लस टोचली होती आणि जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगावर घेऊन पाहिली होती. चौकशी समितीने ठपका प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. पुढे साक्षी-पुरावे पुन्हा तपासले गेले तेव्हा एक गोष्ट ठळक झाली. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये हाफकिन यांची बाजू मांडली. त्यानंतर ते भारतात परतले, पण मुंबईला नव्हे, कलकत्त्याला. निवृत्तीपर्यंत ते तिथेच राहिले. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ पासून त्यांचे नाव आहे.

हा प्रसंग मी वर्गात नेहमी सुरुवातीला सांगतो. मुले लगेच विचारतात, ‘मग चूक कोणाची, हाफकिनची की मदतनिसाची?’ प्रश्न स्वाभाविक आहे, पण अभियंत्याने तिथे थांबून चालत नाही. आपण वेगळा प्रश्न विचारू. एक चिमटा मातीत पडला आणि १९ माणसे गेली, असे होऊ शकेल अशी व्यवस्था का होती? दुसरा निर्जंतुक चिमटा हाताशी का नव्हता? एका बाटलीवर इतकी माणसे का अवलंबून होती? आणखी एक मुद्दा आहे. लस जलद तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी पद्धत बदलली होती आणि त्या बदलात लसीत कार्बोलिक आम्ल घालणे बंद झाले होते. हे आम्ल धनुर्वाताचे बीजाणू मारत नाही, पण बाटलीत शिरलेल्या जंतूंची वाढ रोखायला मदत करते. म्हणजे एक संरक्षक थर निघून गेला होता. प्रक्रियेत बदल केला की अगदी शेवटच्या टोकाला सुई टोचणाऱ्या माणसापर्यंत सगळी साखळी पुन्हा तपासावी लागते. जैविक जोखमीचे मूल्यमापन म्हणतात ते हेच.

धोका आणि जोखीम

हे दोन शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो. या विषयात मात्र ते वेगळे ठेवावे लागतात. धोका हा जंतूच्या किंवा विषाच्या अंगी असतो. जोखीम तुमच्या कामात असते. अपघात होण्याची शक्यता किती आणि झाल्यास परिणाम किती गंभीर, या दोन्हींचा एकत्र विचार केला की जोखीम कळते. कुलूपबंद फ्रीझरमधल्या, सीलबंद कुपीतल्या जंतूचा धोका तेवढाच राहतो, जोखीम मात्र फार थोडी असते. तीच कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरताना फुटली, की धोका तोच आणि जोखीम कितीतरी पट वाढलेली.

कोलकात्याचेच उदाहरण घेऊ. पटकीच्या जंतूवरचे काम या शहरात फार जुने आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये इथेच पटकीच्या रुग्णांमधून तो जंतू वेगळा केला. बेलियाघाटा भागातली, पूर्वी ‘नाइसेड’ या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय संस्था पटकी आणि आतड्यांच्या रोगांवर काम करते. पटकीने लाखो माणसे मारली आहेत, तरी प्रयोगशाळेत हा जंतू चार गटांपैकी दुसऱ्या जोखीम गटात मोडतो. कारण तो तोंडावाटे जातो, निरोगी माणसाला आजारी पाडायला फार मोठ्या संख्येने पोटात जावा लागतो, आणि आजार झालाच तर क्षारसंजीवनीने माणूस वाचतो. क्षयाचा जंतू घ्या. तो श्वासावाटे जातो आणि अगदी थोडे जंतूही पुरतात. त्यामुळे त्याच्या वाढवलेल्या कल्चरवरचे काम तिसऱ्या स्तराच्या प्रयोगशाळेत करावे लागते. रोग किती भयंकर, एवढ्यावर भागत नाही. जंतू शरीरात कोणत्या वाटेने जातो, किती लागतो आणि उपचार हाताशी आहे का, हे पाहावे लागते.

याच शहरातली एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की पटकीचे जंतू गाळून काढलेला, म्हणजे एकही जंतू नसलेला द्रवसुद्धा सशाच्या आतड्यात पाणी साठवतो. जंतू एक विष सोडतो आणि अतिसार त्या विषाने होतो. वैद्यकातले हे मोठे संशोधन. आपल्यासाठी त्याचा अर्थ अगदी व्यवहारी आहे. ‘सर, हे गाळलेले आहे, यात बॅक्टेरिया नाहीत,’ असे विद्यार्थी मला सांगतात आणि हातमोजे न घालता नळी उचलतात. गाळणी जंतू अडवते, विरघळलेले विष अडवत नाही.

गट ठरवणारी यादी हाताशी असली तरी तिच्यावर विसंबून राहू नका. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या प्रयोगशाळा-सुरक्षा पुस्तिकेच्या २०२० च्या चौथ्या आवृत्तीत हाच बदल केला. जंतूचा गट पाहून प्रयोगशाळेचा स्तर ठरवण्याऐवजी प्रत्यक्ष काम काय आहे ते पाहून नियंत्रणे ठरवा, असे ती सांगते. यादी कुठे अपुरी पडते याचे उदाहरण याच राज्यात आहे. २००१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सिलिगुडीत एक तापाची साथ आली. ६६ जण आजारी पडले, ४५ दगावले, आणि लागण झालेल्यांत रुग्णालयाचे कर्मचारी व रुग्णांना भेटायला आलेले लोक मोठ्या संख्येने होते. तो निपाह विषाणू होता हे साठवलेल्या नमुन्यांवरून नंतर सिद्ध झाले. निपाह चौथ्या गटातला. पण त्या दिवसांत नमुने हाताळणाऱ्याला नळीवरच्या चिठ्ठीत ‘ताप’ यापलीकडे काय कळणार? अनोळखी नमुन्याच्या बाबतीत तोच सर्वांत वाईट असू शकतो असे धरूनच काम सुरू करायचे.

हवा कुठून कुठे वाहते

प्रयोगशाळेत लागण होण्याचे एक मोठे कारण डोळ्यांना दिसत नाही. पिपेटमधून शेवटचा थेंब जोरात फुंकला, नळी हलवून झाकण लगेच उघडले किंवा ओला लूप तापलेल्या ज्योतीत एकदम घातला की अतिसूक्ष्म तुषार उडतात. ते हवेत तरंगत राहतात. पुण्याच्या विषाणू संस्थेत क्यासनूर जंगल तापावर काम करणाऱ्या काही कर्मचाऱ्यांना प्रयोगशाळेतच लागण झाली होती. हाच आजार अलीकडे सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या सत्तरी भागातही पोहोचला. जंगलात तो गोचिडीमुळे होतो, पण प्रयोगशाळेत लागण व्हायला गोचीड लागत नाही.

यावरचा इलाज म्हणजे जैवसुरक्षा कपाट. इथे मोठा गोंधळ होतो, म्हणून नीट लक्ष द्या. आपल्या बहुतेक महाविद्यालयांत ‘लॅमिनार’ म्हणून जे टेबल असते, त्यात गाळलेली स्वच्छ हवा मागून पुढे, म्हणजे थेट तुमच्या तोंडावर येते. ते वनस्पतींच्या ऊतिसंवर्धनासाठी उत्तम, कारण तिथे नमुना वाचवायचा असतो. रोगजंतूंसाठी तेच यंत्र वापरले तर जंतू वाऱ्याबरोबर तुमच्या नाकात. दुसऱ्या वर्गाच्या जैवसुरक्षा कपाटात समोरच्या फटीतून हवा आत ओढली जाते, वरून गाळलेली हवा नमुन्यावर येते आणि बाहेर जाणारी हवा पुन्हा गाळली जाते. बाहेरून दोन्ही यंत्रे सारखीच दिसतात. एक टिश्यू पेपरची पट्टी तोंडाशी धरून पाहा. ती आत ओढली जाते की बाहेर फडफडते, यावरून कळेल.

समोरच्या फटीतली हवा सेकंदाला साधारण अर्धा मीटर या वेगाने आत जाते. तुमच्या मागून कोणी घाईने चालत गेले तरी त्याचा वेग याहून जास्त असतो. म्हणजे माणसांची ये-जा, उघडे दार आणि छताचा पंखा हा अदृश्य पडदा सहज फाडतात. कोलकात्याच्या जूनमध्ये पंखा बंद ठेवा म्हणणे सोपे नाही, हे मी मान्य करतो. म्हणूनच खोलीचे वातानुकूलन आणि कपाटाची जागा आराखड्यातच ठरवायला हवी. ते काम आपले, म्हणजे अभियंत्यांचे.

गाळणीबद्दल एक गंमत. हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी ९९.९७ टक्के अडवते, असे पुस्तकात असते. मग त्याहून लहान विषाणू निसटतात का? नाही. मोठे कण जडत्वामुळे तंतूंवर आदळतात, अगदी लहान कण वेडेवाकडे हालत तंतूंना चिकटतात. पकडायला सर्वांत अवघड कण या दोन्हींच्या मधला, तोच ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा. म्हणून मोजणी तिथे करतात. अर्थात गाळणी जागेवर असेल तरच. १९७९ मध्ये सोव्हिएत संघातल्या स्वर्डलोव्हस्क शहरात अँथ्रॅक्सच्या एका लष्करी कारखान्यातून बीजाणू बाहेर पडले आणि वाऱ्याच्या दिशेला राहणारी किमान ६६ माणसे मेली.

ऑटोक्लेव्ह आणि कुकर

आता सर्वांत साधे यंत्र आणि माझ्या मते सर्वांत जास्त फसवणारे. एका महाविद्यालयात मी स्वतः पाहिले आहे: ऑटोक्लेव्हचा काटा १५ पौंडांवर, वीस मिनिटे पूर्ण, सगळे नियमाप्रमाणे, तरी निर्जंतुक म्हणून काढलेल्या माध्यमात दोन दिवसांत वाढ. महिनाभर सगळे जण माध्यमाच्या पावडरला दोष देत होते.

कारण घरच्या कुकरमध्ये आहे. आई वाफेची धार नीट सुटल्यावर मगच शिट्टी बसवते, ते का? आतली हवा बाहेर जावी म्हणून. काटा एकूण दाब दाखवतो. त्यात वाफेचा वाटा किती आणि हवेचा किती, हे तो सांगत नाही. तापमान ठरते ते वाफेच्या आंशिक दाबावरून. डाल्टनचा नियम तुम्ही अकरावीत शिकलात, तोच. काटा १५ पौंडांवर असताना सगळी हवा गेलेली असेल तर आत १२१ अंश सेल्सिअस असते. अर्धीच हवा गेली असेल तर सुमारे ११२, आणि हवा मुळीच काढली नसेल तर जेमतेम १००. शंभर अंशांना धनुर्वातासारख्या जंतूंचे बीजाणू बराच काळ तग धरतात. त्या महाविद्यालयात वेळ वाचवायला झडप लवकर बंद केली जात होती, इतकेच.

चिकटपट्टीवरच्या काळ्या रेघा पाहून समाधान मानू नका. साधी पट्टी तिच्यापर्यंत उष्णता पोहोचली एवढेच सांगते. खात्री करायची तर उष्णतेला चिवट असलेल्या जिओबॅसिलस जंतूच्या बीजाणूंची कुपी भरगच्च पिशवीच्या मध्यभागी ठेवून चालवा आणि नंतर वाढ होते का ते पाहा.

रासायनिक जंतुनाशकाचेही तसेच. २०१९ मध्ये चीनमधल्या लानचौ शहरात एका लस कारखान्याने मुदत संपलेले जंतुनाशक वापरले. बाहेर पडणाऱ्या हवेत ब्रुसेला जंतू जिवंत राहिले आणि हजारो लोकांना लागण झाली. पातळ केलेल्या ब्लीचची ताकद दिवसागणिक उतरते. तुमच्या बेसिनशेजारच्या बाटलीवर ते कधी बनवले याची तारीख आहे का, हे आजच पाहा.

कायद्याचे थोडक्यात: जनुकीय बदल केलेल्या किंवा घातक सूक्ष्मजीवांवर काम करायचे तर १९८९ च्या नियमांनुसार संस्थेत जैवसुरक्षा समिती लागते. कचऱ्यासाठी २०१६ चे नियम आहेत. कल्चरचा कचरा आवारातच निर्जंतुक करून मग पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात.

तुमचा स्वतःचा प्रयोग

तुमच्यापैकी अनेक जण प्रकल्पासाठी नदीच्या किंवा तळ्याच्या पाण्यातले कोलिफॉर्म मोजतात. हुगळीच्या घाटावरून बाटलीभर पाणी आणायचे, प्लेटवर पसरायचे, ३७ अंशांना ठेवायचे. धोका काय? लोक तर त्याच पाण्यात रोज अंघोळ करतात, असे उत्तर येते. पण घाटावरच्या पाण्यात विरळ असलेला एक जंतू तुमच्या प्लेटवर रात्रभरात कोट्यवधींची वसाहत होतो. वर तापमानही माणसाच्या शरीराचे, म्हणजे माणसात वाढणाऱ्या जंतूंना सोयीचे. नमुना हाताळणे आणि वाढलेली प्लेट हाताळणे ही दोन वेगळी कामे आहेत, त्यांची जोखीम वेगळी लिहा. प्लेट वाढल्यावर तिला दुसऱ्या स्तराची समजा. झाकण पट्टीने धरून ठेवा, मोजणी झाकणातून करा, वास घेऊन ओळखायचा मोह टाळा.

मग कागद घ्या आणि या कामाला हात लावणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहा. माझे विद्यार्थी स्वतःचे, जोडीदाराचे आणि माझे नाव लिहितात. सोमवारी सकाळी त्याच प्लेटा आणि नळ्या घासणाऱ्या मावशींचे नाव यादीत क्वचितच असते. प्लेटांत काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते आणि त्यांच्या हातमोज्यांना बहुधा भोक असते. यादी त्यांच्या नावापासून सुरू करा आणि प्लेटा ऑटोक्लेव्हमधून निघाल्याशिवाय त्यांच्या टेबलावर जाणार नाहीत, हे त्याच कागदावर लिहून ठेवा.