ठिणगी कोठे अडते?

उज्जयिनीत पावसाळा लागला, की एखादी जुनी अँबॅसॅडर सकाळी हटून बसते आणि मालक नव्या कॉइलसाठी धावतो. हा खर्च बहुधा वाया जातो. पॉइंट उघडताच कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टांचे हजारो व्होल्ट करते. डिस्ट्रिब्युटर ते प्लगांना वाटतो. म्हणून प्रथम त्याचे टोपण व तारा पुसून कोरड्या कराव्यात. मग कॉइलची मधली तार टोपणातून काढून, रबरी मुठीच्या पकडीने इंजिनाच्या लोखंडाजवळ धरावी व स्टार्टर फिरवावा. निळी ठिणगी पडली, तर दोष पुढे, टोपणात वा प्लगांत; न पडली, तर आधी काळवंडलेले पॉइंट, मग कंडेन्सर आणि शेवटी कॉइल पाहावी. पॉइंटांतील अंतर सुमारे ०.४ मिलिमीटर असावे. अँबॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. आता सुटा भाग टाकण्यापूर्वी तो तपासणे हेच शहाणपण.