तंबू स्वस्त, फाटक महाग

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात तंबूत राहायचं ठरवलं की खर्चाच्या कागदावर सर्वात मोठा आकडा तंबूचा नसतो, फाटकाचा असतो. नारोक काउंटीच्या 2024 पासूनच्या दरांनुसार आफ्रिकेबाहेरून आलेल्या प्रौढ पाहुण्याला जानेवारी ते जूनमध्ये दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबरमध्ये 200 डॉलर प्रवेशशुल्क पडतं. बाहेर मुक्काम असेल तर ते तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच चालतं. ऐन हंगामात फाटकाबाहेरच्या साध्या छावणीत एका रात्रीचं भाडं, तिन्ही वेळच्या जेवणासकट, बहुतेकदा या शुल्काहून कमी असतं.

नैरोबीत विकली जाणारी तीन दिवस-दोन रात्रींची सहल या बारा तासांच्या तिकिटाभोवती बेतलेली असते. गाडीचं भाडं, डिझेल आणि चालकाची मजुरी सहा प्रवाशांत वाटली जाते. फाटकाचं शुल्क दरडोई आणि रोजच्या रोज, त्यात वाटणी नाही. मग स्वस्त पत्रकातून एखादी फेरी हळूच गळते. पहिल्या दिवशी दुपारी पोचल्यावर आत जायचं नाही, किंवा तिसऱ्या दिवशी न्याहारी करून सरळ परत फिरायचं. त्या जागी ‘मसाई गावाला भेट’ किंवा ‘छावणीत विश्रांती’ असं काहीतरी छापलेलं असतं. मी घेतलेल्या सहलीत पहिली संध्याकाळ अशी छावणीच्या वाट्याला आली होती, आणि ते माझ्या पथ्यावरच पडलं. पाहुणे सिंह शोधायला बाहेर असतात तेव्हाच छावणी कामाला लागते. ते काम एरवी कोणी बघत नाही.

नैरोबीहून मारापर्यंतचा रस्ता पाच-सहा तासांचा. गाडी म्हणजे छप्पर वर उचलता येणारी टोयोटा हायएस. माई माहिऊच्या घाटात रिफ्ट व्हॅलीचं खोरं एकदम पायाखाली उघडतं. घाटरस्ता बांधणाऱ्या इटालियन युद्धकैद्यांनी 1942 साली उभारलेलं छोटं चर्च तिथे अजून आहे. नारोकला टाकी भरायची, कारण पुढे एवढं मोठं गाव नाही. त्यानंतर गव्हाची शेतं, मग लेलेश्वाची करड्या पानांची झुडपं, गुरांचे कळप, आणि मग दुतर्फा छावण्यांच्या पाट्याच पाट्या. सेकेनानी आणि तालेक या दोन फाटकांबाहेर अशा छावण्यांची दाटी आहे. अभयारण्य 1,510 चौरस किलोमीटरचं, पण बेताच्या पैशांतला मुक्काम बहुधा या दोन कोपऱ्यांत एकवटलेला.

तंबू बघितला की पहिल्यांदा लक्षात येतं ते त्याचं छप्पर. सिमेंटचा चौथरा, त्यावर जाड कॅनव्हासचा तंबू आणि त्याच्याही वर लाकडी खांबांवर पत्र्याचं किंवा गवताचं दुसरं छत. मारा समुद्रसपाटीपासून 1,500 मीटरहून उंच आणि विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंश दक्षिणेला. असल्या उन्हात उघडं कॅनव्हास लवकर जीर्ण होतं, आणि पावसाळ्यात ओलं राहिलं तर काळी बुरशी धरतं. वरचं छत म्हणजे तंबूचं आयुष्य. महागड्या छावणीत ते देखण्या कापडाचं असतं, स्वस्तात पत्र्याचं, आणि पाऊस आला की त्याखाली दोन माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही.

आत दोन खाटा, पांढऱ्या चादरी, जाड ब्लँकेटं, मच्छरदाणी. तंबूच्या मागच्या भिंतीला चेन, ती उघडली की दगडी भिंतींची न्हाणी: फ्लशचा संडास, बेसिन, शॉवर. ग्लॅम्पिंगमधली, म्हणजे सुखसोयींच्या तंबूवासातली, सगळी चैन त्या मागच्या चेनेपलीकडे आहे. पुढच्या दाराची चेन मात्र खालच्या कडीत अडकवायची, हे आल्याआल्या सांगितलं जातं. व्हर्वेट माकडं चेन उघडायला शिकली आहेत आणि बिस्किटाचा पुडा त्यांना बंद पिशवीतही कळतो.

दुपारचे चार वाजले की न्हाण्यांच्या मागे धूर दिसू लागतो. दोन तंबूंमध्ये एक याप्रमाणे विटांच्या चुलाण्यात आडवं बसवलेलं लोखंडी पिंप असतं. याला इथे कुनी बूस्टर म्हणतात. आपल्याकडच्या बंबाचाच हा थोराड भाऊ. ते पेटवणारा माणूस पाहुण्यांना क्वचितच दिसतो, कारण त्याची वाट तंबूंच्या पाठीमागून जाते. मी त्याच्या मागोमाग हिंडलो. एका हातात ओंडक्यांची ढकलगाडी, कमरेला कोयता. टाकीपासून सर्वात लांबचं पिंप तो आधी पेटवायचा, कारण तिथे पाण्याचा दाब कमी आणि पाहुण्यांच्या तक्रारी जास्त. बारीक काटक्या, त्यावर मध्यम लाकूड, आणि धग धरली की एकच जाड ओंडका. तो ओंडका गाड्या परत येईपर्यंत पुरला पाहिजे. नंतर पाईपला हात लावून तो पुढे सरकायचा. थर्मामीटर नाही, घड्याळही नाही, पण गाड्या फाटकातून कधी सुटतात ते त्याला पक्कं माहीत. सूर्य इथे वर्षभर साडेसहाच्या आसपासच मावळतो, संधिप्रकाश जेमतेम, आणि काळोख पडला की गारठा येतो. धुळीने माखलेला पाहुणा आला की त्याला पहिलं हवं असतं ते गरम पाणी. पहाटे साडेचारला हाच फेरा पुन्हा.

काही छावण्यांनी आता छपरावर सौर हीटर बसवले आहेत. लाकूड वाचतं, शिवाय नदीकाठची झाडी वाचते. पण ढगाळ दिवसांत पुन्हा पिंपच पेटवावं लागतं, त्यामुळे चुलाणी कोणी मोडत नाही. विजेचं तसंच. जनरेटर संध्याकाळी सुरू होतो आणि दहाच्या सुमारास बंद. जेवणाच्या मंडपात एका टेबलावर सगळ्यांचे फोन आणि कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या लावलेल्या असतात. जेवणात भात, बटाट्याचा रस्सा, सुकुमा विकीची पालेभाजी, कधी उगाली, आणि हटकून चपाती. केनियातली चपाती तेल लावून, पदर पाडून, जाडसर लाटलेली. भारतीय गट वरचेवर येत असल्याने आचाऱ्याला फोडणीचं वरण येत होतं, आणि शाकाहारी म्हणजे अंडंही नको, हे त्याने मला विचारून पक्कं करून घेतलं.

जेवणानंतर एकट्याने तंबूकडे जायचं नाही. विजेरी आणि दांडका घेतलेला मसाई राखणदार सोबत येतो. छावणीला तारेचं कुंपण आहे, पण ते हत्तीला वळवण्यापुरतं. तरसाला खालून वाट सापडते. रात्री त्यांचं वर चढत जाणारं हूप ऐकू येतं, आणि नदीकाठच्या झाडांतून हायरॅक्सचं, म्हणजे सशाएवढ्या प्राण्याचं, अंगावर काटा आणणारं किंचाळणं. तालेकच्या परिसरातल्या तरसांवर मिशिगन राज्य विद्यापीठाच्या के होलकॅम्प आणि त्यांचे सहकारी 1988 पासून सलग अभ्यास करत आले आहेत. तिथल्या कळपातली एकेक मादी कोणाची लेक, कोणाची नात, याची पिढ्यांची नोंद त्यांच्याकडे आहे. राखणदाराला त्या नोंदींशी देणंघेणं नव्हतं. त्याची स्वतःची गुरं पलीकडच्या काटेरी आवारात होती, आणि कान तिकडे होता.

सकाळी सहाला फाटकाशी गाड्यांची रांग. इथून पुढचं काम चालकाचं. अनेक चालकांनी केनियाच्या व्यावसायिक मार्गदर्शकांच्या संघटनेची परीक्षा दिलेली असते. तिच्या कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा तीन पायऱ्या असतात. पण आत शिरल्यावर चालकाचे डोळे प्राण्यांपेक्षा प्राण्यांच्या नजरेवर असतात. वारुळावर उभं असलेलं टोपी नावाचं तांबूस-जांभळट हरीण एकाच दिशेला रोखून बघत असेल, तर तो गाडी थांबवतो. गिधाडं घिरट्या घालताहेत की झाडावर उतरून बसली आहेत, हे तपासतो. माळावर एकएकटी उभी छत्रीसारखी झाडं दिसतात, ती बॅलॅनाइटीसची. आपल्याकडच्या कोरडवाहू मुलखातला हिंगण याच कुळातला. जिराफ आणि हत्ती खालचा पाला एका रेषेत खुडून नेतात, म्हणून झाडाची खालची कड सरळ कापल्यासारखी दिसते. झाडाच्या सावलीत बिबट्या नसेल तर आपण डबा उघडायचा: उकडलेला बटाटा, काकडीचं सँडविच, केळं.

रेडिओवर सतत स्वाहिली कुजबुज. कुठे काय दिसलं, हे एका चालकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी तिकडे धावायचं. नियम स्पष्ट आहेत: एका प्राण्यापाशी पाचहून जास्त गाड्या नकोत, अंतर किमान 25 मीटर, रस्ता सोडून गवतात शिरायचं नाही. हंगामात हे नियम कसे मोडतात, ते पाहायला फार वेळ थांबावं लागत नाही. एका चित्त्याच्या मादीभोवती गाड्यांचं कडं पडलं होतं. आमच्या चालकाने लांबूनच गाडी वळवली. मागून एक प्रवासी कुरकुरला, पैसे तर सगळ्यांनी सारखेच भरलेत. चालकाने उत्तर दिलं नाही. त्याच्या वतीने उत्तर 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. मारा परिसरातल्या चित्त्यांच्या त्या पाहणीत, पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागात मादीच्या दर वेतामागे सरासरी 0.2 पिल्लं मोठी झाली, कमी वर्दळीच्या भागात 2.3.

तंबूतल्या चैनीचा हिशेब इथे येऊन भिडतो. ही चैन आजची नाही. 1909 साली अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट शिकारीसाठी पूर्व आफ्रिकेत आले, तेव्हा त्यांच्या तांड्यात दोनशेहून अधिक हमाल होते. तंबू, आंघोळीचा टब, पुस्तकांची पेटी, मारलेल्या जनावरांची कातडी, सगळं माणसांच्या डोक्यावर. केनियाने 1977 साली शिकार बंद केली. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, तंबू तसाच राहिला आणि ओझंही राहिलं, फक्त वाहणारे बदलले. आता ते लाकूड फोडणाऱ्याच्या, पाणी उपसणाऱ्याच्या, रात्र जागणाऱ्याच्या वाट्याला येतं. आणि सर्वात जड वाटा जमिनीला येतो.

अभयारण्याला लागून मसाई कुटुंबांच्या मालकीची जमीन आहे. 2006 मध्ये ओलारे ओरोक, 2009 मध्ये मारा नॉर्थ, 2010 मध्ये नाबोइशो, अशी खाजगी राखीव क्षेत्रं तिथे उभी राहिली. शेकडो जमीनमालकांनी आपले तुकडे एकत्र करून छावण्यांना भाडेपट्ट्याने दिले. महिन्याला ठराविक भाडं, आणि त्या बदल्यात तिथे कुंपण नाही, शेत नाही, चराई ठरवून दिलेल्या वेळी. किती एकरांमागे किती तंबू, यालाही बंधन. म्हणून तिथला तंबू महाग आणि सिंहापाशी गाड्या मोजक्या. 2020 साली महामारीत पाहुणे थांबले, तेव्हा भाडं आटलं आणि ही सगळी व्यवस्था पाहुण्यांच्या खिशावर किती टेकलेली आहे ते उघड झालं. महाग म्हणजे निर्मळ, असंही नाही. 2025 साली सँड नदीकाठी एक आलिशान छावणी उघडली, तेव्हा प्राण्यांच्या स्थलांतराची वाट अडते म्हणून एका मसाई कार्यकर्त्याने न्यायालयात दावा लावला होता.

फाटकाबाहेरच्या स्वस्त छावण्यांवर असलं काही बंधन नाही, म्हणूनच त्या स्वस्त आहेत. त्यांची दाटी, सांडपाणी, नदीचा उपसा हे प्रश्न खरेच आहेत. तरीही एका बाबतीत त्या जास्त प्रामाणिक वाटल्या. तिथे पडद्यामागचं काही लपवायला पडदाच पुरत नाही. पिंपाचा धूर नाकात जातो, जनरेटर बंद झाला की कळतं, गुरांच्या घंटा ऐकू येतात. आपण कशावर राहतो आहोत, ते पाहुण्याला दिसतं.

मुंबईहून जाणाऱ्यांनी विमानाच्या तिकिटाशिवाय दोन गोष्टी आधीच कराव्यात. केनियाचा ऑनलाइन प्रवासपरवाना, आणि निघण्याच्या किमान दहा दिवस आधी पिवळ्या तापाची लस. ते पिवळं कार्ड नसेल तर परतल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं, आणि स्वस्त सहल तिथेच महाग पडते.

मग सहल विकणाऱ्याशी बसून बोलावं. अभयारण्यात किती वेळा आत जाणार, आणि त्या प्रत्येक दिवसाचं शुल्क सांगितलेल्या रकमेत आहे का? एका गाडीत किती जण? रात्रीचा राखणदार कोणाच्या पगारावर? आचारी आणि पिंपवाला यांच्यासाठी बक्षिसाची सामाईक पेटी आहे का, की ते पैसे फक्त चालकाला मिळतात? घासाघीस करायचीच असेल तर गादीवर करावी, जेवणातल्या पदार्थांवर करावी, पत्र्याच्या छपरावर करावी. फाटकावर आणि माणसांवर करू नये. एवढ्या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली, तर तंबू कितीही साधा असो, तो बेलाशक घ्यावा.